बोटीवर वीज चढवण्याआधी खुणेखालचा नंबर वाचा



हैदराबादला समुद्र नाही, बंदर नाही, तरी आपला रोजचा संबंध त्या शहराशी येतो. मोबाइलवर येणारा उंच लाटांचा इशारा आणि मासळी कुठे लागेल हे सांगणारा सल्ला हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेतून येतो. उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्याचा रंग बघून ती मंडळी आपल्याला जागा सांगतात. त्सुनामीचा इशारा देणारं केंद्रही तिथेच आहे.

आज मात्र त्याच शहराकडून आलेल्या दुसऱ्या एका धड्याबद्दल लिहायचं आहे. तो विजेच्या सामानाचा आहे. १ जूनला बंदी लागते, बोटी वर ओढून शाकारल्या जातात. वायरिंग बदलायचं, नवी बॅटरी घ्यायची, केबिनमधला दिवा बदलायचा, ही सगळी कामं याच दिवसांत निघतात. म्हणून खरेदीला जाण्याआधी हे वाचा आणि आपल्या वायरमनलाही वाचायला द्या.

तेलंगणात २०२२ साली काय झालं

त्या वर्षी देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटत होत्या. एप्रिलमध्ये तेलंगणातल्या निझामाबादला एका घरात स्कूटरची बॅटरी काढून रात्री चार्जिंगला लावली होती. घरची माणसं झोपलेली असताना ती फुटली. ८० वर्षांचे एक आजोबा त्यात गेले.

त्यानंतर १२ सप्टेंबर २०२२ ची रात्र. सिकंदराबादला खाली ई-स्कूटरचं शोरूम आणि वर लॉज अशी एक इमारत होती. आग खाली लागली, बॅटऱ्या पेटल्या आणि काळा धूर जिन्यातून वर चढला. लॉजमध्ये उतरलेल्यांपैकी ८ जणांचा जीव गेला. त्यांतले बरेचजण ज्वाळेने नाही, धुराने गुदमरून गेले. वर राहणाऱ्यांचा त्या बॅटऱ्यांशी काही संबंध नव्हता. ते फक्त खोली घेऊन उतरले होते.

बॅटऱ्या का पेटतात हे शोधायला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचे अध्यक्षही हैदराबादचेच, एआरसीआय या संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक ताता नरसिंग राव. समितीच्या शिफारशींवरून एआयएस-१५६ या मानकात नव्या चाचण्या घातल्या गेल्या. सिकंदराबादची आग लागली तेव्हा हे नवे नियम जाहीर होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, पण अजून लागू झाले नव्हते. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ ला आणि दुसरा ३१ मार्च २०२३ ला लागू झाला.

चाचणी म्हणजे नेमकं काय करतात?

आपल्याला वाटतं, चाचणी म्हणजे दिवा लागतो की नाही ते बघणं. तसं नसतं. प्रयोगशाळेत बॅटरीला मुद्दाम त्रास देतात. हादरे देतात, खाली पाडतात, एकदम गरम आणि एकदम थंड करतात. दोन टोकं जोडून शॉर्ट करतात. भरलेली असताना आणखी चार्ज करत राहतात. पाण्यात बुडवतात, बाहेरून आग लावून बघतात.

नव्या नियमांत सगळ्यात महत्त्वाची भर पडली ती अशी. बॅटरीच्या खोक्यात शेकडो छोटे सेल असतात. त्यातला एक आतून शॉर्ट होऊन तापला तर शेजारचा पेटतो का, आणि त्याच्यावरून सगळं खोकं पेटतं का, हे आता बघितलं जातं. सेलमध्ये पुरेसं अंतर हवं, तापमान मोजणारे सेन्सर हवेत, आतला दाब बाहेर सोडायला वाट हवी, धोका झाला तर दिसणारी आणि ऐकू येणारी सूचना हवी. सेल कधी बनला याची नोंदही हवी.

आता आपल्या कामाचा प्रश्न. हे मानक रस्त्यावरच्या दोन-तीन चाकी गाड्यांसाठी आहे, बोटीसाठी नाही. ई-रिक्षातून काढलेला किंवा कुठल्या तरी गाळ्यात जुने सेल जोडून बनवलेला लिथियम पॅक "नाखवा, स्वस्तात देतो, हलका आहे, दोन दिवस चालेल" म्हणून आपल्याला विकला जातो. त्या पॅकची अशी कुठलीही परीक्षा झालेली नसते. गाडीत असताना झाली असेल, पण उघडून पुन्हा जोडल्यावर ती परीक्षा संपली.

समुद्रात पळायला जागा नसते

हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे अलिबागजवळ अक्षीच्या समुद्रात मासेमारी बोट पेटली. बोटीवरचे सगळे खलाशी वाचले, पण जाळ्यांसकट बोटीचा बहुतेक भाग जळाला. शॉर्टसर्किट झालं असावं, असा प्राथमिक अंदाज तेव्हा सांगितला गेला.

बंदरात असतानाही गाफील राहून चालत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात एका बोटीला लागलेली आग शेजारच्या बोटींना लागत गेली आणि सुमारे ४० बोटींचं नुकसान झालं. तिथलं कारण विजेचं नव्हतं. पण आपल्याही बोटी एकमेकींना खेटूनच उभ्या असतात, टाक्यांत डिझेल असतं, वर नायलॉनची जाळी असते. शेजाऱ्याच्या बोटीवरचं खराब वायरिंग हा आपलाही प्रश्न आहे.

दोन खुणा ओळखा

भारतात विजेच्या सामानावर भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, दोन खुणा आपल्याला नेहमी दिसतात.

पहिली आयएसआय. वायर, प्लग-सॉकेट, स्विच, एमसीबी, पाणी तापवायचा रॉड, इस्त्री यांच्यावर ती असते. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो. पीव्हीसी वायरला आयएस ६९४, प्लग-सॉकेटला आयएस १२९३, पाणी तापवायच्या रॉडला आयएस ३६८. खुणेच्या खाली "सीएम/एल" अक्षरं आणि पुढे आकडे असतात. तो कारखान्याचा परवाना क्रमांक. हा परवाना देण्याआधी ब्युरोची माणसं कारखाना बघतात, माल तपासतात, आणि नंतरही अधूनमधून कारखान्यातून व बाजारातून नमुने उचलतात.

दुसरी खूण नोंदणीची. मोबाइल चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवे, लहान इन्व्हर्टर, हातातल्या उपकरणांच्या लिथियम बॅटऱ्या यांच्यावर ती असते. तिच्याखाली "आर" अक्षर आणि आठ आकडे असतात. ही पद्धत २०१३ पासून चालू आहे. यात कंपनी आपला नमुना ब्युरोने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासून घेते आणि त्या अहवालावर स्वतःची जबाबदारी घेऊन नोंदणी करते. म्हणजे आयएसआयइतकी कारखान्याची आधी तपासणी यात होत नाही. तरीही नोंदणी असलेला आणि नसलेला माल यांत मोठा फरक आहे, कारण नोंदणी असेल तर त्या मालाला कोणीतरी जबाबदार आहे.

खोक्यावर "सीई" लिहिलेलं असलं की दुकानदार म्हणतो, "एक्स्पोर्ट क्वालिटी आहे." सीई ही युरोपच्या बाजाराची खूण. बऱ्याच वस्तूंवर ती बनवणारा स्वतःच लावतो. जिथे आपल्याकडे बीआयएस सक्तीचं आहे, तिथे सीई तिची जागा घेऊ शकत नाही.

खूण छापता येते, नोंदणी छापता येत नाही

मुद्द्याची गोष्ट हीच आहे. आयएसआयचं चित्र कोणीही छापू शकतो. स्टिकर बनवायला किती वेळ लागतो? म्हणून नुसती खूण बघून थांबू नका, खालचा नंबर तपासा. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे:

१. मोबाइलवर "बीआयएस केअर" हे सरकारी ॲप घ्या. फुकट आहे.
२. आयएसआयच्या मालासाठी परवाना तपासायचा पर्याय उघडा आणि सीएम/एल पुढचे आकडे टाका. चार्जर, एलईडी वगैरेंसाठी आर नंबर तपासायचा पर्याय वेगळा आहे.
३. समोर कंपनीचं नाव, पत्ता, कुठल्या मालाला परवाना आहे आणि तो चालू आहे की बंद, हे येतं.
४. ते नाव आणि हातातल्या खोक्यावरचं नाव जुळतं का बघा. माल तोच आहे का बघा. पंख्याचा नंबर वायरच्या बंडलावर छापलेला असेल तर समजून जा.

नंबर सापडला नाही किंवा परवाना बंद दिसला तर माल घेऊ नका. त्याच ॲपवरून तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही फोन करता येतो. बिल मात्र पक्कं घ्या. बिल नसेल तर तक्रारीत दम राहत नाही.

"ऑनलाइन मागवलंय, मोठी कंपनी आहे" असं म्हणून निर्धास्त होऊ नका. २०२५ मध्ये बीआयएसच्या हैदराबाद शाखेने तिथल्या विमानतळाजवळ एका बड्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामावर छापा घातला. पाणी तापवायचे हीटर, मिक्सर, मोबाइल चार्जर, वायरलेस इअरबड असा खुणेशिवायचा माल तिथे जप्त झाला. दिल्ली आणि तमिळनाडूतही त्याच वर्षी असे छापे पडले. गोदाम मोठं असलं तरी त्यात माल अनेक विक्रेत्यांचा असतो. नंबर आपण बघायचा.

खूण खरी, पण वस्तू चुकीची

आता ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही ते. नंबर खरा निघाला तरी काम संपत नाही. ती वस्तू कशासाठी तपासली आहे, हेही बघावं लागतं. घरासाठी तपासलेली वस्तू बोटीवर नापास होऊ शकते. चार कारणं आहेत.

*करंट.* घरात २३० व्होल्ट, बोटीवर १२ किंवा २४. १०० वॉटचा दिवा घरात अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी करंट घेतो. तोच १०० वॉटचा दिवा १२ व्होल्टवर आठ अँपिअरपेक्षा जास्त घेतो, म्हणजे जवळजवळ १९ पट. वायरचं तापणं करंटच्या वर्गाने वाढतं. म्हणून "बारा व्होल्टच तर आहे, काय होणार?" हे बोलणं सोडून द्या. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण आग लागते. वायर जाड घ्या, आणि लांब न्यायची असेल तर आणखी जाड.

*स्विच आणि एमसीबी.* घरातली वीज एसी. ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज डीसी, ती शून्यावर येतच नाही. ठिणगी ओढली जाते आणि स्विच आतून जळतो. घरचा एमसीबी एसीसाठी तपासलेला असतो. बोटीच्या बॅटरी लाइनवर डीसीसाठीचाच ब्रेकर किंवा फ्यूज लावा, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ लावा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणी वाली नसतो.

*खारं पाणी.* दिव्यावर "आयपी ६७" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी चालतो. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते. खाऱ्या हवेत महिनोन्महिने राहिल्यावर रबर, स्क्रू आणि तांब्याचं काय होतं हे त्या आकड्यातून कळत नाही. खाऱ्या धुक्याची चाचणी वेगळी असते. दुकानदाराला विचारा, "सॉल्ट स्प्रे टेस्ट झाली आहे का? कागद दाखवा."

*हादरे.* इंजिन चालू असताना सगळी बोट थरथरते. घरच्या वायरीत तार जाड आणि कमी असतात, त्या वाकून वाकून तुटतात. बोटीला बारीक आणि भरपूर तारांची, कथील चढवलेली तांब्याची वायर हवी. साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं-काळं पडतं, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. वायर पिळून वर टेप गुंडाळायची सवय तर बंदच करा. योग्य मापाची लग लावून दाबून घ्या.

घरातही तेच

दिवसभर मासळी विकून घरी आल्यावर आपल्या बायका ओल्या हाताने फ्रीझर उघडतात, ओल्या फरशीवर उभ्या राहून मिक्सर लावतात. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी गळणारी वीज ओळखून क्षणात लाइन तोडतो. त्यावर चाचणीचं एक बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. लाइन गेली तर ठीक, नाही गेली तर वायरमनला बोलवा. आणि पाण्यात रॉड चालू असताना बादलीत हात घालून पाणी तापलं का बघणं, हे लेकरांना आधी शिकवून बंद करा.

१८ मे २०२५ ला हैदराबादेत चारमिनारजवळ गुलजार हौज इथे सकाळी एका घराला आग लागली आणि १७ माणसं गेली. त्यात लहान मुलंही होती. प्राथमिक माहितीत शॉर्टसर्किटचंच कारण आलं. खाली दुकानं, वर घर आणि बाहेर पडायला चिंचोळी वाट. आपल्या कोळीवाड्यांतली घरं डोळ्यांसमोर आणा. म्हणून बॅटरी, मग ती बोटीची असो की स्कूटरची, जिन्याखाली किंवा दारात चार्जिंगला लावू नका. निजायच्या वेळी तर नाहीच. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

शाकारणीच्या दिवसांत एवढं करा

– बॅटरीपासून निघणारी प्रत्येक लाइन कुठे जाते त्याचा कागदावर साधा नकाशा काढा. एक प्रत केबिनमध्ये ठेवा.
– इंजिन रूममधून जाणाऱ्या वायरी डिझेलच्या नळीपासून आणि सायलेन्सरपासून लांब घ्या.
– उडालेल्या फ्यूजच्या जागी तार घालू नका. फ्यूज का उडाला ते शोधा. जादा फ्यूज बोटीवर ठेवा.
– साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी पेटणारा वायू निघतो. तिची पेटी हवेशीर ठेवा, जवळ बिडी-काडी नको.
– लिथियम बॅटरीला लिथियमचाच, त्याच बॅटरीसाठी सांगितलेला चार्जर लावा. फुगलेली किंवा खारं पाणी गेलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.
– आग विझवायचं सिलिंडर आयएसआय खुणेचं (आयएस १५६८३) घ्या. काटा हिरव्यात आहे का बघा. तांडेलासकट प्रत्येक खलाशाला ते वापरता आलं पाहिजे.
– लिथियमची आग पावडरने दबल्यासारखी वाटते, पण आतली उष्णता जात नाही आणि ती पुन्हा पेटू शकते. आधी जनरेटर-इन्व्हर्टर बंद करा, माणसं धुरापासून लांब करा, मग भरपूर पाण्याने थंड करत राहा.
– आग आवरत नाही असं वाटलं की वाट बघू नका. व्हीएचएफ चॅनल १६ वर बोला, तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा.

एलईडीच्या झोतात मासेमारीला बंदी आहे आणि ती कायम राहावी हेच आपल्या लहान मच्छीमाराच्या हिताचं आहे. वर दिव्यांबद्दल जे लिहिलं ते केबिनच्या आणि नियमातल्या दिशादर्शक दिव्यांबद्दल आहे, याची नोंद घ्यावी.

सोसायटीने काय करावं

एकट्या नाखव्याने दुकानदाराला चाचणीचा अहवाल मागितला तर तो हसेल. पण पन्नास बोटींची वायर, फ्यूज आणि बॅटऱ्या एकत्र घ्यायच्या ठरवल्या तर तोच दुकानदार कंपनीकडून कागद आणून देईल. डिझेल आणि बर्फ आपण सोसायटीतून घेतोच की. विजेचं सामानही तसंच घेता येईल. पुढच्या सभेत हा विषय मांडावा. एका जाणत्या वायरमनला बोलावून बंदरात एक दिवस सगळ्या बोटींचं वायरिंग बघून घ्यावं, ही विनंती.

हैदराबादहून लाटेचा इशारा आला की आपण बोट काढत नाही, कारण तो पटलेला आहे. तिथल्या आगींनी दिलेला इशाराही तेवढाच पटवून घेऊ या.

आपल्या वायरमनला, इंजिन मिस्त्रीला आणि शेजारच्या बोटीच्या मालकाला ही पोस्ट पाठवा. आपल्या बोटीवर वायरिंगचा काही वेगळा अनुभव असेल तर खाली लिहा, इतरांच्या उपयोगी पडेल.